सतरावं पान

काशीत नवं काही चालवायचं असेल तर आधी ते जुनं करावं लागतं. मिठाईवाला काल दुकान उघडतो आणि आज पाटी लावतो, 'पुरानी दुकान'. देऊळ बांधून सहा महिने झाले नाहीत तोवर आतला देव स्वयंभू होतो. आणि आम्ही काशीतली दक्षिणी पंडितांची घरं तर या विद्येत सगळ्यांचे बाप. आमच्यात ज्याने त्याने आपलं लिहिलेलं गुरूच्या नावावर घालायचं, गुरूने त्याच्या गुरूच्या, आणि सगळ्यात वरच्याने एखाद्या ऋषीच्या. 'हे मी लिहिलं' असं म्हणणारा माणूस म्हणजे पंक्तीत बसून स्वतःच्याच पानावर दोनदा तूप ओढून घेणारा. त्याच्याकडे लोक बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे.

मला ही रीत फार आवडायची. थाप मारण्याची इतकी सभ्य सोय दुसऱ्या कुठल्या गावात असेल असं मला वाटत नाही. तिच्यापायी आमच्या घरात काय झालं ते सांगायला बसलो आहे. वडील गेले, आई गेली, ज्या पोथीची ही हकीकत आहे ती आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. आता सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला पटवलं आहे. मी स्वतःला लवकर पटतो.

आमचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दक्षिणेतून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. स्नान, तर्पण, श्राद्ध, सगळं तेच करवायचे. संस्कृत असं म्हणायचे की समोरचा यात्रेकरू न कळताच रडायला लागायचा. पण अण्णांना हे न कळणंच खुपायचं. "बिचारी माणसं महिना महिना प्रवास करून येतात," ते म्हणायचे, "आणि आपण काय करतोय हे त्यांना माहीत नाही. आपण पोपट आणि ते पोपटाचे मालक." म्हणून त्यांनी सोप्या मराठीत एक छोटी पोथी तयार केली. काशीत आल्यावर काय करायचं, कसं करायचं, आणि म्हणायचं त्याचा अर्थ काय. सतरा पानांची.

यातली सोळा पानं कुठल्याही उपाध्यायाने लिहावीत अशी होती. सतरावं तसं नव्हतं.

तर्पण म्हणजे नाव घेऊन पाणी देणं. गोत्र सांगायचं, नातं सांगायचं, नाव घ्यायचं आणि ओंजळीतून पाणी सोडायचं. आता जे मूल बाराव्या दिवसाच्या आतच गेलं, ज्याचं बारसंच झालं नाही, त्याला काय म्हणून बोलवायचं? शास्त्र म्हणतं, बोलवायचंच नाही. त्याला अग्नी नाही, श्राद्ध नाही, तर्पण नाही. काशीत असं मूल होडीतून मधल्या धारेला नेतात आणि गंगेला देतात. होडी परत येते आणि सगळं संपतं. माझ्या आधी आमच्या घरात एक मूल असं गेलं होतं, नवव्या दिवशी. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. फक्त दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला आई सकाळी एकटी पंचगंगेच्या पायऱ्या उतरायची, आणि अण्णा वर अर्ध्या पायऱ्यांवर पाठ करून उभे राहायचे.

सतराव्या पानावर त्याचीच रीत होती. अशा मुलाला एक ओंजळ द्यावी, ती आईने द्यावी, नाव नसलं तरी द्यावी, आणि देताना काय म्हणावं त्या चार ओळी, जुन्या वळणाच्या मराठीत. बायकांनी स्वतः पाणी द्यावं हे काशीतल्या पंडितांना कुणी सांगितलं असतं तर घाटावर मारामारी झाली असती. पण पानाखाली पुष्पिका होती. पोथीच्या शेवटी 'हे अमक्याने रचलं' अशी जी ओळ असते, तिला पुष्पिका म्हणतात. अण्णांनी तिथे आपल्या गुरूंचं नाव घातलं होतं. गुरू जाऊन जमाना झाला होता आणि त्यांच्याशी भांडायची कुणाची छाती नव्हती.

आता माझी करामत. मी तेव्हा बावीस वर्षांचा, एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. दिवसा दाव्यांच्या नकला करायचो आणि दक्षिणी मंडळींच्या गणेशोत्सवात राणीचं काम करायचो. मिशा काढल्या म्हणून अण्णा एकदा चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तर पोथी छापायचं ठरल्यावर प्रस्तावना मी लिहितो म्हणालो. गुरूंचं नाव मला पुरेना. मी लिहिलं की ही पोथी तीनशे वर्षांपूर्वीची आहे, गुरूंनी ती फक्त उतरवून घेतली. लाल कापडात बांधलेलं बाड, कडा कसरीने खाल्लेल्या, घाटावरच्या एका कोनाड्यात भिंत पडल्यावर सापडलं, उघडलं तेव्हा आतून चंदनाचा वास आला, वगैरे. चंदनाचा वास मला स्वतःला इतका पटला की लिहिताना मी दोनदा नाक ओढलं.

अण्णांनी वाचलं. "तीनशे?" त्यांनी विचारलं.

"दोनशे करू?"

ते थोडे हसले. "राहू दे," म्हणाले.

ते हसू माझ्या लेखणीला मिळालेलं बक्षीस आहे असं मी समजलो. पुढे दोन वर्षं तसंच समजत होतो.

पोथी रामनगरच्या एका छोट्या छापखान्यात छापली. कच्ची छापील पानं तपासायला मी होडीने गंगेपार जायचो आणि परत येताना मल्लाहाला प्रस्तावना वाचून दाखवायचो. त्याला मराठी येत नव्हतं, पण तो चंदनाच्या जागी बरोबर मान डोलवायचा. पोथी खपली. आणि खपली ती सतराव्या पानामुळे. एक बाई गावी परत जायची, दुसरीला सांगायची, ती पुढच्या वर्षी यायची. अण्णा घरी येऊन एवढंच म्हणायचे, "आज तिघी होत्या."

मग लढाई आली आणि कागद गेला. रामनगरचा छापखाना लग्नपत्रिका छापायलासुद्धा मोताद झाला. आमच्या प्रती संपल्या.

एके दिवशी दुपारी अण्णा घाटावरून आले ते हातात एक पातळ पोथी घेऊन. कव्हर दुसऱ्या रंगाचं, छापखाना दुसरा, आतला मजकूर अक्षर न् अक्षर आमचा. माझी प्रस्तावनाही होती, चंदनासकट. पानं सोळा.

"साताऱ्याकडची बाई होती," अण्णा म्हणाले. "शेजारणीने तिला सांगितलं होतं, काशीत एक पोथी मिळते, तिच्या शेवटी आपल्यासाठी आहे. तिने ही विकत घेतली. मला म्हणाली, भटजी, ते पान यात नाही. शेवटचं पान उलटून मागे बघत होती, पुन्हा पुढे बघत होती. वाचता येत नव्हतं तिला. कुठे ते पान असावं तेवढं ठाऊक होतं."

"मग?"

"मी तोंडाने सांगितलं. चार वेळा म्हणून घेतलं तिच्याकडून. दुसरीकडून कुणीतरी हाक मारली तिला. वर पोचेपर्यंत विसरली असेल."

त्या दिवशी अण्णा नीट जेवले नाहीत. त्यांना दुसरं काही नको होतं. पोथी कुणी छापावी, कुणी विकावी, त्यांची हरकत नव्हती. ते पान पोथीत हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या छापखानेवाल्याकडे गेलो. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्याचं दुकान, मागे यंत्र, पुढे तो. चेहऱ्याने इतका प्रेमळ माणूस मी पाहिलेला नाही. त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्याला अक्षर ओळखता येत होतं, एवढंच. लिपी एकच, छपाईचे खिळे तेच. त्याच्या जुळाऱ्याने आमची पोथी समोर ठेवून मुंगी मुंगी जुळवावी तशी जुळवली होती, अर्थ न कळता, आणि एकही चूक न करता.

"आओ गुरू, बैठो," तो म्हणाला. त्याने माझ्यासाठी पान मागवलं.

मी म्हटलं, "ही पोथी आमची आहे."

"बिलकुल आपकी है. तीन सौ साल से आपकी है," तो म्हणाला आणि माझी प्रस्तावना उघडून बोट ठेवलं. "आमच्या पंडितजींनी वाचून सांगितलं. कोनाडा, लाल कपडा, सब लिखा है. लिखनेवाला मर के तीन सौ बरस हो गए. अब किससे पूछूँ? चितेवर जाऊन?"

माझं स्वतःचं वाक्य माझ्यासमोर ठेवून मला उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मागे सरकलो आणि म्हटलं, बरं, पोथी ठेवा, फक्त शेवटचं पान घाला.

त्याने एक मोठा कागद घेतला आणि माझ्यासमोर घडी घातली. एकदा, दोनदा, तीनदा. "ये देखो. आठ पत्ते, दोनों तरफ छापो तो सोलह पन्ने. एक कागज, एक फर्मा. तुम्हारा सतरहवाँ पन्ना आता है तो एक टुकड़ा अलग काटो, अलग छापो, अलग चिपकाओ. लढाई चालू आहे भैया, कागज सोने के भाव."

"एक तुकडा," मी म्हटलं.

त्याने कागद पुन्हा उलगडला. "और एक बात है," तो जरा हळू म्हणाला. "आधी तुमच्याच प्रती मी दुकानात ठेवायचो. औरत आती थी, किताब उलटती थी, आखरी पन्ने पे रुकती थी, और यहीं बैठ के रोने लगती थी. इसी पीढ़े पे. मागचं गिऱ्हाईक खोळंबायचं. उस पन्ने में क्या है, मुझे आज तक मालूम नहीं. पर दुकान में नहीं चाहिए."

त्याने मला पान खायला लावूनच सोडलं.

मी हे वकीलसाहेबांना सांगितलं. ते आमच्यातलेच, तीन पिढ्या काशीत, घरात मराठी आणि कोर्टात इंग्रजी, रागावले की हिंदी. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. त्यांना श्रोता मिळाला की व्याख्यान द्यायची हौस होती, आणि त्या दिवशी त्यांनी दिलेलं व्याख्यान मला आजही येतं, हातवाऱ्यांसकट.

"शास्त्रीबुवा," त्यांनी सुरुवात केली, "घर आपलं असतं, शेत आपलं असतं. तशी डोक्यातून निघालेली वस्तूही आपली असते. फरक एवढाच की शेताचा बांध दिसतो आणि हिचा दिसत नाही. तो कायद्याला आखावा लागतो." त्यांनी समोरची जर्द्याची डबी उचलली. डबीवर मोर होता. "हा मोर बघा. जर्दा कुणीही करावा, कुणाची ना नाही. पण या मोराच्या डबीत भरून विकायचा नाही, कारण गिऱ्हाईक मोर बघून घेतं. ही झाली छाप. हिची नोंद करायचा कायदा आत्ता कुठे झालाय. वापरत राहा, नोंद चालू ठेवा, मोर कधी म्हातारा होत नाही."

"आणि आतला जर्दा?" मी विचारलं. मला ते येत होतं, पण नाटकात समोरच्याला वाक्य द्यावं लागतं.

"आत काय घालतो ते त्या म्हाताऱ्याने पोराला सुद्धा सांगितलेलं नाही. ते गुपित. त्याला अर्ज नाही, मुदत नाही. तोंड बंद आहे तोवर मालकी. तोंड उघडलं की गेली." मग त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि त्याची कडी वाजवली. "ही कडी समजा अशी आहे की आजवर जगात कुणाला सुचली नव्हती. त्याचं पेटंट. सरकार म्हणतं, तुझी युक्ती लपवू नकोस, सगळी उघड लिहून दे. बदल्यात सोळा वर्षं ती तुझी एकट्याची, मग सगळ्यांची. कडी काय काम करते, ते पेटंट. डबा दिसतो कसा, झाकणावरची वेलबुट्टी, साडीचा काठ, ते निराळं. ती नक्षी. नवी असली आणि नोंदवली तर तीही थोडी वर्षं आपली."

अण्णा शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. "आणि पोथी?" त्यांनी विचारलं.

"पोथीचं सगळ्यात सोपं. नोंद नको, अर्ज नको. लिहिली की झाली. लिहिणारा आहे तोवर त्याची, आणि तो गेल्यावर पन्नास वर्षं त्याच्या मुलांची. मात्र मालकी शब्दांची, कल्पनेची नाही. मेलेल्याला पाणी द्यावं ही कल्पना काय तुमची आहे? ती कुणाचीच नाही. तुम्ही ती कुठल्या शब्दांत सांगितली, तेवढं तुमचं."

"शब्द कुणाचे असतात का?" अण्णा म्हणाले.

"शास्त्रीबुवा, हे कोर्टात म्हणू नका," वकीलसाहेब म्हणाले. "आता मला सांगा. ही सोळा पानं कुणी लिहिली?"

"गुरूंनी सांगितलं तेच आहे."

"सांगितलं संस्कृतात की मराठीत?"

"संस्कृतात."

"मग हे मराठी कुणाचं?"

अण्णा चुळबुळले. "मराठी माझं."

"झालं की मग. आणि ते सतरावं?"

वकीलसाहेबांच्या अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तिकडे अण्णा बघत राहिले.

"ते गुरूंचं नाही," शेवटी म्हणाले. "ते कुणाचंच नाही. मूल गेलं त्याच्या पुढच्या साली लिहिलं मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. मी हे पान शंभर वेळा वाचलं होतं. ते जुनं आहे याबद्दल, माझी तीनशे वर्षं सोडली तर, मला कधी शंकाच आली नव्हती. माझी प्रस्तावना वाचून ते का हसले होते ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. माझी थाप त्यांच्या थापेवर पांघरूण म्हणून छान बसली होती.

वकीलसाहेबांनी हातातला विडा खाली ठेवला. "म्हणजे त्याने गुरूंचं ते नेलं, आणि जे नक्की तुमचं होतं तेवढंच टाकलं," ते म्हणाले. "असा चोर मी बघितला नाही." मग ते कामाला लागले. मराठी पहिल्यापासून शेवटपर्यंत अण्णांचं, तेवढ्यावर दावा उभा राहत होता. आणि दावा जिंकला तर नक्कल केलेल्या सगळ्या प्रती मूळ लेखकाच्या मालकीच्या धरायच्या, असं कायद्यात होतं. "त्याच्या दुकानातले सगळे गठ्ठे तुमच्या घरी येतील. प्रत्येकात एक पान डकवा, आणि घाटावर बसून वाटा."

अण्णांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. ते मनात पानं डकवायला लागले होते.

"फक्त एक प्रतिज्ञापत्र लागेल," वकीलसाहेब म्हणाले. "पोथी माझी आहे. पुष्पिकेत गुरूंचं नाव घातलं ते रीत म्हणून. आणि या नटाने," माझ्याकडे बोट, "प्रस्तावनेत जे बाड काढलंय ते कुठे नव्हतंच."

"हे कोर्टात वाचतील?"

"मोठ्याने."

"सतरावं पान माझं आहे, हेही?"

"तेच तर मुख्य."

अण्णा म्हणाले, "मग ते डकवून उपयोग काय? बाई ते पान शास्त्र म्हणून हातात घेते. शास्त्र म्हणतं, पाणी पोचतं. मी म्हटलं पोचतं, तर मी कोण?"

वकीलसाहेबांनी दुसरा प्रश्न विचारला. "तुम्ही लिहिताना कुणी बघितलं होतं? साक्षीदार पाहिजे."

"घरात एकच माणूस होतं," अण्णा म्हणाले. "तिला मी सांगितलं की गुरूंच्या बाडात सापडलं."

मसुदा करून ठेवा, मी विचार करतो, असं सांगून ते उठले. गल्लीतून येताना त्यांनी मला एवढंच सांगितलं, "हिच्यापाशी काही बोलू नकोस."

मी दोन दिवस बोललो नाही. माझ्या मानाने ते पुष्कळ. माझं म्हणणं असं होतं की आईला आनंद होईल. नवऱ्याने आपल्यासाठी शास्त्र रचलं, ही गोष्ट कुठल्या बाईला ऐकायला आवडणार नाही? आणि तिने हो म्हटलं की साक्षीदाराचा प्रश्न सुटला, अण्णांची सही झाली, पान परत आलं. सगळा शेवटचा अंक माझ्यासमोर उभा होता. आणि खरं सांगायचं तर इतकी सुंदर गोष्ट मला आतमध्ये ठेवता येईना.

ती सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि तिला सगळं करून दाखवलं. मोर, कडी, वकीलसाहेबांचा आवाज. ती हसली सुद्धा. मग मी म्हटलं, "आणि आई, ते सतरावं पान अण्णांचं आहे."

"गुरूंच्या बाडातलं आहे ते," ती म्हणाली. तिचं बोट तांदळातून फिरत होतं.

"बाड नव्हतंच. त्यांनी स्वतः लिहिलं. तुझ्यासाठी लिहिलं."

मी वाट बघत थांबलो. रंगमंचावर टाळीसाठी थांबतात तसा.

तिने एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला. आणखी एक उचलला. "तुला कुणी सांगितलं?"

"ते स्वतःच म्हणाले, वकीलसाहेबांसमोर."

"पंचवीस वर्षं मी पाणी देते आहे," ती म्हणाली. मला सांगत नव्हती. मग म्हणाली, "ऊठ तू आता. मला भात टाकायचाय."

अण्णा घाटावरून आले, जेवायला बसले. तिने वाढलं. वरण वाढून झाल्यावर ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अहो, ते पान तुम्ही लिहिलंत?"

अण्णांचा हात पानात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनी मान हलवली.

"मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पाणी दिलं असतंस?"

तिने विचार केला. खरंच विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली. "शास्त्रात नाही ते कसं देणार."

तिने त्यांना भात वाढला. मग म्हणाली, "सही करू नका त्या कागदावर. कोर्टात वाचलं म्हणजे सगळ्यांना कळेल. ज्यांना माहीत नाही त्यांना तसंच असू द्या."

"पण पान मिळत नाही ना त्यांना," अण्णा म्हणाले.

"मिळालं आणि मग असं कळलं, त्यापेक्षा न मिळालेलं बरं."

अण्णांनी सही केली नाही. मसुदा वकीलसाहेबांच्या टेबलाच्या खणात पडून राहिला. पुढे दोनतीनदा त्यांनी मला ऐकवलं की कायदा पूर्ण आपल्या बाजूने होता, इतका सरळ दावा आयुष्यात एकदाच येतो. सोळा पानांची पोथी मुन्शी घाटावर विकली जात राहिली. साताऱ्याकडच्या, नागपूरकडच्या बायका यायच्या आणि अण्णांना विचारायच्या. ते हातातलं काम टाकून त्यांना तोंडाने सांगायचे. पूर्वी ते सांगायचे तेव्हा 'असं शास्त्रात आहे' म्हणायचे. आता ते वाक्य गाळायचे. बायकांच्या ते लक्षात येत नसावं. माझ्या यायचं.

त्या कायद्याने ते पान आता माझं आहे. अण्णांच्या मागे पन्नास वर्षं. मी ते कुठे छापलेलं नाही आणि इथेही देत नाही.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला आई सकाळी निघाली तेव्हा मीही मागून गेलो. का गेलो ते माहीत नाही. माझंच केलेलं होतं म्हणून असेल. अण्णा नेहमीप्रमाणे अर्ध्या पायऱ्यांवर थांबले आणि पाठ करून उभे राहिले. आई खाली पोचली, वळली आणि म्हणाली, "या ना खाली."

ते उतरले. दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी तेव्हा चढलेलं असतं, गढूळ असतं, पायऱ्या दिसत नाहीत. तिने ओंजळ भरली.

"म्हणा," ती म्हणाली. "तुमचं आहे, तुम्हीच म्हणा."

हा माणूस सकाळपासून दुपारपर्यंत न थांबता हजारो घराण्यांची तर्पणं सांगायचा. खोकल्याने सुद्धा त्यांचं म्हणणं तुटत नसे. त्या चार ओळींतला पहिला शब्द 'बाळा' असा आहे. तो त्यांनी म्हटला आणि पुढे त्यांना येईना. ती ओंजळ धरून थांबली. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेलं. तिने पुन्हा ओंजळ भरली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि तिथेच थांबले. तिसऱ्यांदा तिने भरली नाही.

"चला," ती म्हणाली. "धोतर भिजलं सगळं तुमचं."

दोघं वर आली, माझ्या अंगावरून गेली. आईने पदराला हात पुसले. पुढच्या वर्षी अमावास्येला ती घरीच होती. सकाळभर स्वयंपाकघरात काही ना काही करत राहिली. अण्णा दोनदा दारापर्यंत गेले, दोनदा परत आले.